दारातल्या पोरीचं माप

एफुआच्या हातचं काही ना काही घरात नाही, असं घर आमच्या गल्लीत शोधून सापडलं नसतं. बाळ आठ दिवसांचं झालं की त्याला उजेडात आणून नाव ठेवतात. त्या सकाळी कोणी साबण आणतं, कोणी पावडरचा डबा आणतं, एफुआ टोपडं आणायची. लग्नाला उशीच्या खोळी, चर्चच्या बायकांना भजनाचं पुस्तक ठेवायला पिशवी, आणि ज्याच्याशी भांडण झालं त्याला हातरुमाल. "भांडण मिटवायला रुमालाएवढं कापड पुरतं," ती म्हणायची. "चादर शिवायची वेळ आली तर समजावं, चूक आपलीच होती."

धंदा तिचा केंकेचा. मक्याचं आंबवलेलं पीठ घोटायचं, कणसाच्या पानांत गोळे बांधून उकडायचे, आणि सेकोंडी स्टेशनाबाहेर बसून मासे-मिरचीबरोबर विकायचे. नवरा रेल्वेच्या कारखान्यात होता, तो जाऊनही बरीच वर्षं झाली होती. शिवण ही तिची दुपारची चैन. दार उघडं टाकायचं, हाताने फिरवायचं मशीन उंबऱ्याजवळ घ्यायचं आणि चिंध्यांच्या ढिगात रमायचं. शेजारची डोर्कास खरी शिंपीण, दारावर पाटी लावलेली. ती म्हणायची, "एवढं शिवतेस तर पैसे घेत जा."

"पैसे घेतले की लोक म्हणतात बाही वाकडी झाली. फुकट दिलं की म्हणतात, वा, बाही आहे."

कापड मात्र एफुआ दुकानातून घ्यायची नाही. दुकानातलं नवं कापड काय, कोणीही शिवेल. तिचा जीव बाजारातल्या त्या गठ्ठ्यांत. परदेशातून जहाजाने येणारे वापरलेले कपडे, त्यांना आमच्याकडे मेलेल्या गोऱ्याचे कपडेच म्हणतात. जिवंत माणूस धडधाकट कोट टाकून देईल का? अस्तरासकट? म्हणजे मेलाच असणार. घरच्यांनी कपाट रिकामं केलं आणि गठ्ठा बांधून दिला पाठवून. म्हणून तो कपडा आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचा, उलटा करून उन्हात घालायचा, मगच अंगाला लावायचा. एफुआ तर शिवण उसवायच्या आधी कपड्याशी बोलायची. "तुझं माणूस गेलं. तुझं तिथलं काम संपलं. आता मी देते ते काम कर." डोर्कास हसायची. पण गोऱ्याचा कोट घालून तीसुद्धा कधी झोपली नाही.

एफुआची नजर घारीची. इतर बायका गठ्ठा फुटला की वरचे झगे ओढायला धावत, ही थांबून राही आणि तळातलं उचली. एका झग्याच्या घेरातून तिला चार टोपडी दिसायची, पडद्यातून फ्रॉक दिसायचा, पुरुषी शर्टाच्या पाठीतून उशीची खोळ.

आणि तिची एक खोड होती. जे काही शिवेल त्याच्या खालच्या दुमडीत, उजव्या कोपऱ्यात, ती एक बारका काचेचा मणी आत घालून शिवून टाकायची. बाहेरून दिसायचा नाही, ठाऊक नसेल त्याच्या हाताला लागायचा नाही. वाऱ्याने माणूस उचलून नेऊ नये म्हणून, थोडं वजन. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ठाऊक होतं फक्त तिच्या मुलीला, अराबाला, कारण लहानपणी डबीतला मणी निवडून द्यायचं काम अराबाचं होतं.

अराबा डावखुरी. डाव्या हाताने कोणाला काही देऊ नये, घेऊ नये, वाट दाखवू नये, हे आमच्याकडे पोरांना बोलायच्या आधी शिकवतात. एफुआनेही शिकवलं, बोटांवर पट्टी मारून शिकवलं. पोरगी चमचा उजव्या हातात धरायला लागली, पण सुई नाही. सुई डाव्यातच. त्यामुळे सगळ्या जगाचे टाके एका बाजूला झुकतात आणि अराबाचे दुसऱ्या. "माझी पोरगी वाऱ्याच्या उलट शिवते," एफुआ म्हणायची. तक्रार म्हणून म्हणायची, पण तोंडावर हसू असायचं.

ही अराबा जर्मनीला गेली. तिकडे मुलगी झाली, न्हिरा. पोर चालायला लागली तेव्हा एफुआने तिच्यासाठी फ्रॉक शिवला. पिवळा पडदा होता, तपकिरी पक्ष्यांचा, गठ्ठ्याच्या तळात मिळालेला. खांद्याची पट्टी नवऱ्याच्या रेल्वेच्या खाकी शर्टाची. खिशाला कापड पुरेना, म्हणून तुकडा उलटा लावावा लागला आणि खिशावरचा पक्षी डोकं खाली करून बसला. फ्रॉक मुद्दाम मोठा ठेवला, दुमडीत भरपूर माया सोडली, की पोर वाढेल तशी खाली सोडता यावी. चर्चमधली एक बाई तिकडे निघाली होती, तिच्याबरोबर दिला.

अराबाचा फोन आला टेलिफोनच्या दुकानात. "आई, मिळाला. पायात येतो तिच्या."

"येऊ दे. पाय वाढतील."

त्यानंतर फोन आला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. तिकडून येणाऱ्या माणसांना विचारलं तर म्हणाले, त्या घरात आता दुसरेच राहतात. वाळवंटाकडून धुळीचा वारा यायचा, हरमटन, आणि परत जायचा. एफुआ केंके विकत राहिली. कोणी विचारलं तर म्हणायची, "कामात असेल." पुढे पुढे लोकांनी विचारणं सोडलं. ते तिला जास्त लागलं.

असाच हरमटन सुरू होता. सूर्य दुधाच्या भांड्यात पडल्यासारखा पांढरा, समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. ओठ फुटले होते, माणसं बोलायलाही कंटाळत होती. एफुआ बाजारात गेली तेव्हा फिलोमेनाने नवा गठ्ठा फोडला होता.

"मावशी, उशीर केलात. चांगलं ते गेलं."

"चांगलं नेणाऱ्या नेतात. मी उरलेलं न्यायला येते."

गठ्ठा फुटला की त्यातून एक गार वास येतो, बंद घराचा. एफुआने तळाशी हात घातला. कोरड्या कपड्यांत काहीतरी ओलं लागलं. तिने ओढून काढलं. हातात आलं तेव्हा ते कोरडंच होतं. पिवळं, पक्ष्यांचं. खांद्याला खाकी पट्टी. खिशावर एक पक्षी, डोकं खाली.

एफुआ खाली बसली. फिलोमेनाला वाटलं, उन्हाने. "मावशी, पाणी देऊ?"

"हे कुठून आलं?"

"मला काय ठाऊक? गठ्ठा आला जहाजाने. मेलेल्या गोऱ्या—" आणि मग तिने एफुआचा चेहरा पाहिला, फ्रॉककडे पाहिलं, आणि जीभ चावली. असले उलटे खिसे बाजारात दुसरं कोण शिवतं हे तिलाही माहीत होतं. तिच्या स्वतःच्या पोराचं टोपडं एफुआनेच दिलेलं. ती म्हणाली, "घेऊन जा मावशी. मला काही नको."

बातमी एफुआच्या आधी गल्लीत पोचली. ती दाराशी आली तेव्हा डोर्कास उभीच होती. तिने एफुआच्या हातातली केंकेची टोपली घेतली. आत जाऊन एफुआने फ्रॉक मिठाच्या पाण्यात घातला नाही. उन्हात घातला नाही. मशीनच्या वर खिळा होता, त्याला टांगला.

संध्याकाळच्या आत एबो मामा आले. एफुआच्या आईचे धाकटे भाऊ, घराण्यातले वडीलधारे, काठी टेकत चालायचे आणि काठी आपटून बोलायचे. त्यांनी फ्रॉक पाहिला, हात लावला नाही.

"एफुआ, आपण सगळे म्हातारे आहोत. तुला समजावून सांगायला नको."

"मग नका सांगू."

"पोरीचा कपडा मेलेल्यांच्या गठ्ठ्यात आला. याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. फोन नाही, निरोप नाही, आणि आता हे. अराबा गेली. तिची पोरही."

"कोणी पाहिलं?"

"कोणी पाहायचं होतं? दूर मेलेल्याचं काहीतरी घरी येतं आणि आपण ते पुरतो. केस येतात, नखं येतात. तुझ्याकडे कपडा आला. स्वतःच्या पायांनी आला असं समज." मामांनी काठी आपटली. "नाही पुरलं तर ती दारात उभी राहील. मग मला सांगू नकोस."

आता इथे एक सांगायला हवं, कारण एफुआच्या मनात तेच फिरत होतं. मेलेल्याचा कपडा पुरला तर तो निवांत होतो. पण जिवंत माणसाचा कपडा पेटीत घालून, रडून, माती लोटली, तर ते माणूस असेल तिथे आजारी पडतं आणि जातं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे माय-लेकी गेल्या असतील तर न पुरणं पाप, आणि जगत असतील तर पुरणं म्हणजे त्यांचा गळा दाबणं. आणि खरं काय ते सांगणारं कोणी नाही, खिळ्यावर एक फ्रॉक तेवढा.

तिने मामांना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मामांनी ते हो समजून शनिवार ठरवला. बायकांनी सुतकाचे लाल-काळे कपडे पेटीतून बाहेर काढले, मांडव सांगितला, लहानशी पेटी करायला टाकली.

त्या आठवड्यात डोर्कास एकदा कात्री मागायला आली आणि उंबऱ्यातच विचारती झाली, "तुझ्याकडे पाहुणे आलेत का?"

"नाही. का?"

"मघाशी दारात पोरगी उभी होती. वाटलं कोणाची तरी असेल. डोक्याला लोकरीची टोपी. या हवेत लोकर, म्हणून लक्षात राहिलं."

एफुआ मशीनपाशीच बसली होती, तिने कोणाला पाहिलं नव्हतं. "केवढी होती?"

डोर्कासने हात आपल्या कंबरेच्या वर धरला. मग फ्रॉककडे पाहिलं, आणि हात आपोआप खाली आला. कात्री न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी पाणी आणून देणाऱ्या बाईने बादली दाराबाहेरच ठेवली. "तुमची नात वाटेत उभी होती," ती म्हणाली. "सरक म्हटलं तर कळेना तिला. आपली भाषा येत नाही वाटतं." मग गल्लीतल्या तिघी-चौघींना ती दिसली. नेहमी दुपारची, सूर्य पांढरा असताना, एफुआच्या दारात, चौकटीला पाठ लावून. रडत नाही, मागत नाही. कोणी हाक मारली तर वळून पाहते, आणि पाहणारीची पापणी लवेपर्यंत तिथे धूळच असते.

मग भेटी परत यायला लागल्या. कोणी तोंडावर आणून दिल्या नाहीत, आमच्याकडे तेवढी लाज आहे. सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर घडी घालून ठेवलेलं टोपडं. उशीची खोळ. भजनाच्या पुस्तकाची पिशवी, पुस्तक काढून घेतलेली. मेलेल्यांच्या कपड्यांतून शिवलेलं, आणि आता शिवणारीच्या घरात मेलेलं पोर उभं राहतंय, म्हणून लोक घाबरले. एफुआने एकेक उचललं, झटकलं, ढिगात ठेवलं. दुमडीतले मणी बोटांनी चाचपून पाहिले. सगळे जागच्या जागी होते.

एकच परत आलं नाही. डोर्कासला दिलेला हातरुमाल.

"तुझा नाही आणलास?" एफुआने विचारलं.

"त्यात नाक पुसलंय मी. असा कसा परत करू?"

शुक्रवारी दुपारी फ्रॉक पेटीसाठी तयार करायचा होता. पुरायच्या कपड्याला गाठ ठेवत नाहीत, दुमड ठेवत नाहीत. सगळं सैल सोडायचं, नाहीतर जाणारा अडकतो. शिवलंय जिने, उसवायचं तिनेच. बायका म्हणाल्या आम्ही बसतो सोबत. एफुआ म्हणाली, "नको. उसवताना बोललं की कापड फाटतं."

दार उघडं होतं. बाहेर गल्ली धुळीने पुसून काढल्यासारखी. तिने फ्रॉक मांडीवर घेतला आणि सवयीने तोंड उघडलं, की तुझं माणूस गेलं, तुझं काम संपलं. शब्द बाहेर येईनात. मग नुसतीच दुमड उलटी केली.

आणि पाहते तर दुमड तिची नव्हतीच. तिने ठेवलेली माया कोणीतरी खाली सोडली होती. जुनी घडी कापडावर रेघ होऊन राहिली होती, तिच्या खाली आणखी एक घडीची रेघ. म्हणजे एकदा नव्हे, दोनदा सोडला होता फ्रॉक. पोर वाढली होती. पायात येणारा फ्रॉक गुडघ्याला आला, सोडला, पुन्हा गुडघ्याला आला, पुन्हा सोडला, पार माया संपेपर्यंत. आणि टाके झुकलेले होते उलट्या बाजूला. वाऱ्याच्या उलट.

एफुआचा अंगठा आपोआप उजव्या कोपऱ्याकडे गेला. तिने दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. मणी नव्हता.

तिने कोपरा उजेडात धरला. तिथे तेवढ्याच बोटभर जागेत टाके ताजे होते, वेगळ्या दोऱ्याचे. कोणीतरी कोपरा उसवला होता, मणी काढून घेतला होता, आणि भोक तसंच न सोडता पुन्हा नीट शिवून टाकलं होतं. डाव्या हाताने. टाकायच्या कपड्याचा कोपरा पुन्हा कोण शिवतं? आईने बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं असतं, की उसवलेलं तसंच ठेवू नये, तीच शिवते.

एफुआ बऱ्याच वेळाने मान वर करते तो पोरगी दारात उभी.

लोकरीची टोपी हातात होती, डोकं उघडं होतं. डोळे अराबाचे, हनुवटी कोणाची ती एफुआला ओळखता आली नाही. अंगात निळा जाड सदरा, मनगटं बाहेर आलेली, आखूड. पाय कसे होते ते एफुआने पाहिलं नाही. असं काही दिसलं तर पायांकडे पाहू नये, एवढं तिला तिच्या आजीने शिकवलं होतं.

मांडीवरचा फ्रॉक तिने घट्ट धरला. म्हणजे मामा खरे. आली न्यायला आपला कपडा.

पण पोरगी फ्रॉककडे बघतच नव्हती. ती मशीनकडे बघत होती. मग तिने पाठ चौकटीला लावली, टाचा जुळवल्या, हनुवटी वर केली आणि ताठ उभी राहिली.

असं उभं राहणं एफुआने आयुष्यात किती पोरांचं पाहिलं होतं. गल्लीतलं प्रत्येक पोर याच चौकटीला असं उभं राहिलेलं. पोर असं कधी उभं राहतं ते तिला दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं.

ती उठली. डोर्कासने दिलेला निळा खडू मशीनच्या खणात होता. एफुआ दाराशी गेली, पंजा सपाट करून पोरीच्या टाळूवर ठेवला. टाळू गार होती, नळाखालून काढलेल्या कापडासारखी. केस हाताला लागले, कोरडे, वाळक्या गवतासारखे. तेवढ्यातही एफुआच्या मनात आलं, हिला कोणी तेल लावत नाही. खडूचा बोटाला लागलेला चुरा केसांत सांडला. तिने पंजाच्या रेषेत चौकटीवर खूण केली.

"झालं," ती म्हणाली. "हल आता."

हाताखाली काही नव्हतं. चौकटीवर निळी रेघ होती, डोर्कासने आधी हात धरला होता बरोबर तेवढ्या उंचीवर.

शनिवारी मांडव भरला. लाल-काळ्या कपड्यांत घराणं बसलेलं, ढोल टेकवून ठेवलेले, भात आणि कोंबडीचे टोप झाकलेले. पेटी मधोमध, बुटाच्या खोक्यापेक्षा जरा मोठी. एफुआ आली ती रोजच्या कपड्यांत, केंके विकायच्या. काखेत फ्रॉक.

मामांनी पाहिलं. "हे काय? कपडे कुठेत तुझे?"

"अंगावर."

"एफुआ, लोक बसलेत."

"बसू दे. भात आहे, कोंबडी आहे, खाऊन जाऊ दे. पेटी मात्र तुम्ही घरी न्या मामा, तुमच्या तपकिरीच्या डब्या मावतील."

कोणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. मामांची काठी आपटली. "मेलेल्याची थट्टा?"

"मेलंय कोण?" एफुआने फ्रॉक उलटा करून त्यांच्या मांडीवर ठेवला. मामांनी हात वर उचलले, तापलं भांडं ठेवल्यासारखे. "हा कोपरा बघा. यात मी मणी शिवला होता. सगळ्यांच्या कपड्यांत शिवते, तुमच्या सुनेच्या पोराच्या टोपड्यातही आहे, उसवून बघा. हा मणी आतून काढलाय आणि कोपरा पुन्हा शिवलाय. टाके बघा कुठल्या हाताचे."

बायका पुढे सरकल्या. डोर्कासने फ्रॉक उचलला, सुईवाली बाई ती, तिने कोपरा डोळ्यांजवळ नेला. "डाव्या," ती म्हणाली. "अराबाचे."

"मग मणी काढल्यावर मेली असेल," मामा म्हणाले.

"मरणारा माणूस मणी कशाला काढेल? तो तर मणी घालूनच जाईल. ज्याला पुढे जायचंय तोच आपलं वजन काढून घेतो आणि कपडा मागे टाकतो."

"आणि ती पोर? दारात उभी राहते ती? अर्ध्या गल्लीने पाहिलीय."

"मीही पाहिली," एफुआ म्हणाली. "माप द्यायला आली होती. फ्रॉक आखूड झालाय तिला."

मामा तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना राग आला होता, पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती आपल्या भाचीसाठी होती. "तुझी चूक निघाली तर ती भटकत राहील," ते हळू म्हणाले. "घराण्यावर येईल."

"आणि तुमची चूक निघाली तर तिला आपण मारलं असं होईल. माझी चूक झाली तर मी रोज दार उघडं ठेवीन. तुमची झाली तर काय उघडाल?"

मामांनी काठी उचलली. ते उठून गेले. लोकांनी भात खाल्ला, कारण शिजलेल्या भाताचं कोणाशी भांडण नसतं, आणि घरी गेले. घराण्याने एफुआकडे येणं-जाणं सोडलं. स्टेशनाबाहेर तिच्या केंकेला गिऱ्हाईक कमी झालं. जे आले ते पैसे तिच्या हातात देण्याऐवजी टोपलीत टाकायचे.

तिने नवा फ्रॉक शिवायला घेतला. कापड नवं आणलं नाही, परत आलेल्या भेटीच होत्या घरात. उशीच्या खोळींची बाही झाली, पिशवीचा घेर झाला, टोपड्यांची कॉलर. माप चौकटीवरच्या निळ्या रेघेचं. दुमडीत माया सोडली, कोपऱ्यात मणी घातला. मग जुन्या फ्रॉकशेजारी त्याच खिळ्याला टांगला. त्या दिवसापासून पोरगी कोणाला दिसली नाही. दार एफुआने उघडंच ठेवलं.

कधी कधी मशीन फिरवताना तिला वाटायचं, की आपण बरोबर केलं का. वाऱ्याने चाक जरासं सरकलं तरी ती वर बघायची. माणसाने एकदा नाही म्हटलं की ते रोज पुन्हा म्हणावं लागतं, आणि रोज तेवढा जोर असतो असं नाही.

हरमटन गेला. पाऊस दोनदा येऊन गेला. एका सकाळी केंकेचं पाणी चुलीवर असतानाच टेलिफोनच्या दुकानातला एशुन धापा टाकत आला. "मावशी, जर्मनी. पुन्हा करते म्हणाली, चला लवकर."

एफुआ एका पायात चप्पल घालून गेली. डोर्कास मागून दुसरी चप्पल घेऊन.

फोन वाजला. तिकडून आधी नुसता श्वास ऐकू आला.

"आई."

एफुआला वाटलं होतं, आवाज आला की आपण रडू. तिने विचारलं, "जेवलीस का?"

तिकडे अराबाच रडली. मग तुटक तुटक सांगत राहिली. न्हिराच्या बापाला सोडून यावं लागलं. कागद नव्हते. दुसऱ्या गावात कोणाच्या तरी घरात, आवाज न करता राहावं लागलं. एका पिशवीत मावेल तेवढंच घेऊन निघाले. तोंड दाखवायला लाज वाटत होती, म्हणून फोन नाही केला. आता कागद झाले.

"फ्रॉक टाकलास," एफुआ म्हणाली.

"तुला कसं कळलं? आई, तो तिला येत नव्हता. इथे पेट्या असतात रस्त्यावर, त्यात टाकतात जुने कपडे."

"जिवंतपणी?"

"जिवंतच टाकतात, आई. इथे सगळे टाकतात."

"धडधाकट कपडे?" एफुआने डोर्कासकडे पाहिलं, काय हे लोक, अशा नजरेने. "आणि मणी?"

"मणी काढला ना. न्हिराच्या गळ्यात आहे, दोऱ्यात घालून." अराबाने नाक ओढलं. मग तिला काहीतरी आठवलं, बोलणं हलकं करायला म्हणून ती सांगायला लागली. "तुझ्या नातीचा एक प्रकार सांगू? थंडीत, बाहेर बर्फ पडत होता, शाळेला सुट्टी, खिडकीत बसली होती आपली. मी स्वयंपाक करत होते. जेवायला हाक मारली तर डोक्यात मधोमध निळा खडू. घरात खडू नाही, आई. कुठून लावलास विचारलं तर म्हणते, आजीने मला दाराला उभं केलं. मी रागावले, म्हटलं, तू आजीला पाहिलंयस तरी का. तर म्हणते, तिचा हात गरम आहे."

डोर्कास दुकानाच्या काचेबाहेर चप्पल धरून उभी होती. खुणेने विचारत होती, काय झालं, काय म्हणते.

एफुआने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अराबा," ती म्हणाली, "पोरीचे केस फार कोरडे झालेत. तेल लावत जा."